पेन किती वेळ चाललं

१९८२ सालचा मे महिना. दुपारची जेवणं आटोपली होती. ओटीवर अक्का पालथी पडून अंतर्देशीय पत्र लिहीत होती आणि आई खांबाला टेकून मजकूर सांगत होती. आईला अक्षरओळख नव्हती. अक्का सातवी पास होऊन आठवीत जाणार होती, म्हणून आमच्या घरची आणि शेजारच्या दोन घरांची पत्रं तीच वाची, तीच लिही. 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार' झालं, की पुढचं 'इकडील सर्व क्षेम' हे आईला सांगावंच लागत नसे. ते अक्काच्या हातात बसलं होतं.

खरं म्हणजे त्या वर्षी इकडे काही क्षेम नव्हतं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे २.५ लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात असलेले आमचे बाबा त्यांतलेच एक. देवगड तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांचा श्वास तेव्हा टपालाच्या थैलीत असे. महिन्याच्या ठरावीक दिवशी पोस्टमन पाणंदीच्या तोंडाशी दिसला, की बायका हातातलं काम टाकून अंगणात येत. मनीऑर्डरीच्या फॉर्मला खाली एक कुपन असे. त्यावर पैसे पाठवणाऱ्याने लिहिलेल्या दोन ओळी पोस्टमन वाचून दाखवी, अंगठा घेई आणि नोटा मोजून देई. टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली. त्यानंतरची शंभर वर्षं कोकणातल्या घरांत किती चुली या कुपनावर पेटल्या असतील! त्या वर्षी फेब्रुवारीपासून आमच्या अंगणात पोस्टमन आला तो फक्त पत्रं घेऊन.

आई सांगत होती. नळे परतायला माणूस मिळत नाही. आजीच्या डोळ्यांत घालायचं औषध संपलं. गाय आटली. तुम्ही जेवणाची हयगय करू नका. आणि मग शेवटी म्हणाली, "लिव, चेडवाची चपलां तुटली. जूनात शाळा."

अक्काचं पेन थोडं थांबलं, परत थोडं चाललं.

"लिवलंस?"

"लिवलंय."

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तिसरीतून चौथीत गेलो होतो, वाचता येत होतं. त्या ओळीच्या जागी अक्काने लिहिलं होतं, 'आमची काळजी करू नये.' मी तोंड उघडणार एवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं आणि पत्राच्या कडेचा डिंक जिभेने ओला करून पत्र बंद केलं.

चाळीस वर्षांत मी दातृत्वावर पुष्कळ वाचलं, थोडं लिहिलंही. पण दान म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे अजून तो ओला डिंकच येतो.

देण्याची आपली कल्पना हाताशी बांधलेली आहे. हात पुढे होतो, वस्तू एका हातातून दुसऱ्यात जाते, कोणीतरी ते बघतं. ज्याच्याकडे काही असतं त्याच्याबाबत हे खरं. पण ज्या घरात पैशाची ओढाताण आहे त्या घरातल्या मुलाकडे देण्यासारखं काय असतं? त्याच्या मालकीची एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचं मागणं. हट्ट हेच त्याचं धन. आणि तेच तो गुपचूप सोडून देतो. म्हणून अशा मुलाचं देणं बघायचं असेल, तर 'घे' हा शब्द शोधून उपयोग नाही. 'नको' ऐकायला शिकावं लागतं.

आमच्या मालवणीत हे नको नाना रूपांनी येतं. "माका भूक नाय." "माका गोड आवडना नाय." "जुनी वही पुरतली." गाबीत वाडीतल्या एका घरात मी जेवायला बसलो होतो, तेव्हा ऐकलेलं तर मी विसरूच शकत नाही. पावसाळ्याचे दिवस, बांगड्यांच्या तुकड्या मोजक्या, पंगतीत मी एक आगंतुक. घरातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा आईला म्हणाला, "काटे लागतत माका, नुसतां सार वाढ." ज्याच्या तीन पिढ्या होडीवर गेल्या, ज्याला चालण्याआधी काटा काढता येतो, त्याने काट्याचं निमित्त सांगावं! त्याच्या आईने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच्या ताटात सार वाढलं आणि साराबरोबर, पळीच्या आड, अर्धी तुकडीही.

पावसाळा मी मुद्दाम सांगितला. देवगड बंदरात जून आणि जुलै हे बंदीचे महिने. यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागतात, जाळी छपराखाली जातात, मिळकत थांबते. माशांच्या पैदाशीसाठी ही बंदी हवीच, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण शाळाही जूनच्या मध्यालाच उघडते. ज्या पंधरवड्यात घरात येणारा पैसा आटतो, त्याच पंधरवड्यात वह्या, छत्री, दप्तर, गणवेश सगळं एकदम दारात उभं राहतं. हा योग दरवर्षी येतो आणि दरवर्षी बंदराकाठची मुलं तो न शिकवता ओळखतात. मोठ्या भावाची छत्री, तिच्या दोन काड्या तुटलेल्या, धाकट्याने आपणहून उचलायची. मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं फाडून, दाभणाने टाचून, गृहपाठाची वही करायची. टाचलेल्या वहीचा त्या मुलांना अभिमान वाटतो, हेही मी पाहिलं आहे. त्यात कौशल्य असतं, आणि आपण घराच्या उपयोगी पडलो ही जाणीव असते.

बागांच्या अंगाला गेलं की हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने दिसते. देवगडचा हापूस जगात जातो. २०१८ साली कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पेट्यांवर नाव छापून येऊ लागलं. पण ज्या घराची दहा-वीस कलमंच आहेत, त्या घरातल्या मुलांच्या वाट्याला कोणता आंबा येतो? डागी. झेल्यातून निसटून पडलेला, देठाशी काळा पडलेला, एका बाजूला भाजलेला. चांगलं फळ पेंढ्यात बसतं, पेटीत जातं आणि वाशीच्या बाजाराचा रस्ता धरतं, कारण वर्षाचा खर्च त्यातून निघायचा असतो. हंगाम सरताना उरलेला आंबा किलोवर कॅनिंगला जातो. मुलं आपली वईवरचे रायवळ चोखतात. पेट्या भरताना मुलांना मांडीवर एखादं सोनेरी फळ घेऊन बसलेलं मी पाहिलं आहे. ती वास घेतात, फिरवून बघतात आणि पेंढ्यात नीट ठेवतात, देठ खाली येणार नाही असं. त्यांना कोणी बजावलेलं नसतं. सुट्टीत हीच मुलं काजूच्या बिया वेचतात, बोंडाच्या रसाने बोटं चिकट होईपर्यंत, आणि त्या दुकानात घालून आलेल्या पैशांतून वह्यांचा भार घरावरून उतरवतात. खाऊसाठी म्हणून गेलेलं पोर पेन्सिल घेऊन येतं.

आणखी एक आठवण ठेवावी अशी गोष्ट तांदळाची. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना सुरू केली. शिजवलेलं अन्न पुढे आलं. आधीची काही वर्षं ज्या मुलाची हजेरी ८० टक्के भरेल त्याला महिन्याला ३ किलो धान्य मिळे, आपल्याकडे तांदूळ. मुलं पिशवी घेऊन शाळेत जात आणि तांदूळ घेऊन घरी येत. कागदावर हा मुलाचा आहार होता. घरी पोचल्यावर तो सगळ्यांच्या भातात मिसळून जाई. कोणता दाणा कोणाचा हे शिजल्यावर कोण सांगणार? ताप असताना शाळेत येऊन बसणारी मुलं त्या काळातल्या शिक्षकांना आठवत असतील. हजेरी चुकली तर पिशवी रिकामी जाईल हा हिशेब सहा-सात वर्षांच्या डोक्यात पक्का होता. ती पिशवी डोक्यावर घेऊन येणारं मूल आपल्या घरी पगार आणत होतं. त्याच्या चालण्यात ते दिसे.

मुलांच्या अशा देण्यावर आपल्या साहित्यात दोन मोठ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही १९३३ च्या. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात त्या वर्षाच्या ९ ते १३ फेब्रुवारीला, पाच दिवसांत लिहून काढली. त्याच वर्षी प्रेमचंदांची 'ईदगाह' प्रसिद्ध झाली. दापोलीला शिकणारा श्याम खाऊला मिळालेले पैसे साठवतो आणि धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून पालगडला आणतो. ईदगाहमधला पोरका हामिद तीन पैसे घेऊन जत्रेला जातो. सोबतचे मुलगे खेळणी घेतात, मिठाई खातात. तो दादीसाठी लोखंडी चिमटा घेतो, कारण रोटी भाजताना तिची बोटं पोळतात. एकमेकांपासून शेकडो कोस दूर असलेले दोन लेखक एकाच वर्षी अशा मुलांकडे वळले. देशभर मंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते, घराघरांत हात आखडला होता. तेव्हा लेखकांना मुलांचं हे वागणं दिसलं असावं, असं मला वाटतं.

कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेत मला दरवेळी हामिद आठवतो. समोर समुद्र, देवळाच्या वाटेवर दुकानांच्या ओळी, फुगे, पिपाण्या, बांगड्या आणि आल्याच्या वासाचं खाजं. मुठीत नाणी घट्ट धरून एखादं पोर तीन वेळा खेळण्याच्या दुकानापाशी जातं, तीन वेळा परत फिरतं आणि शेवटी पाव किलो खाजं बांधून घेतं. खाजं घरात सगळ्यांच्या तोंडाला लागतं. पिपाणी एकट्याची असते.

या दोन गोष्टी मी पुष्कळदा वाचल्या. त्यांतली एक जागा मला उशिरा दिसली. दोन्हींत मोठ्या माणसाची पहिली प्रतिक्रिया रागाची किंवा संशयाची आहे. श्यामची आई कोट बघून आधी पैसे कुठून आणलेस हे विचारते. कर्ज तर काढलं नाहीस, चोरले तर नाहीस, हे ती खोदून बघते. हामिदची दादी आधी छाती पिटते, की दुपार झाली तरी पोरगं काही खाल्ल्याप्यायल्याशिवाय हिंडलं आणि आणलं काय, तर चिमटा. मग डोळे भरून येतात. गरीब घरात हे असंच होतं आणि ते मला खरं वाटतं. ज्या घरात प्रत्येक पैशाचा ठावठिकाणा माहीत असतो, तिथे अचानक आलेली वस्तू आधी घाबरवते. तिच्यातली माया नंतर पोचते.

पण गोष्टीला कोट लागतो, चिमटा लागतो. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लागतं, त्याशिवाय गोष्टीत अश्रूंची जागा कुठे? अक्काने जे दिलं त्याची वस्तूच नव्हती. न लिहिलेल्या ओळीचा कोट शिवता येत नाही. बाराव्या शतकातल्या मैमोनिदेस या यहुदी तत्त्वज्ञाने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. कुरकुरत देणं सगळ्यांत खाली, घेणाऱ्याला स्वतःच्या पायावर उभं करणं सगळ्यांत वर, आणि त्याच्या लगेच खाली देणारा-घेणारा एकमेकांना माहीत नाहीत असं दान. आपल्या देवळांतल्या गुप्तदानाच्या पेट्याही याच जातीच्या. पण या शिडीत एक पायरी मला सापडत नाही. जिथे घेणाऱ्याला आपण काही घेतलं हेच कळत नाही, ती. बाबांना त्या पत्रातून काय मिळालं? एका काळजीची सूट. ती मिळाल्याचं त्यांना कळलं असतं तर ती मिळालीच नसती.

२०१२ साली ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी दोन वर्षांखालच्या बाळांवर एक प्रयोग केला. खाऊ स्वतःला मिळाल्यावर बाळांच्या चेहऱ्यावर जेवढा आनंद दिसला, त्याहून जास्त तो दुसऱ्याला देताना दिसला, आणि स्वतःच्या वाटीतला देताना सर्वांत जास्त. वाचून बरं वाटलं. आमच्या म्हाताऱ्या बायका याला 'पोराचो हात मोकळो' म्हणत. पण त्या प्रयोगातली वाटी भरलेली होती. बाळाचं पोट भरलेलं होतं, त्याची आई बिनघोर होती. वाटी रिकामी असताना 'माझं पोट भरलंय' म्हणणाऱ्याचा चेहरा मोजायचं यंत्र कुठे आहे? तो चेहरा आनंदी असतो का, हेही मी खात्रीने सांगू शकत नाही. तो जपलेला असतो, एवढं सांगतो.

मला इथे महाभारतातला मुंगूस आठवतो. युधिष्ठिराच्या अश्वमेधात अर्धं अंग सोन्याचं असलेला एक मुंगूस येतो आणि भर सभेत सांगतो, की हा यज्ञ कुरुक्षेत्रातल्या त्या गरीब ब्राह्मणाच्या सातूच्या पिठाची बरोबरी करणार नाही. शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारं चौघांचं घर, दुष्काळ पडलेला, कसंबसं मिळवलेलं प्रस्थभर जव, त्याचं पीठ करून चार वाटे केलेले, आणि दारात अतिथी. बापाने आपला वाटा दिला, अतिथीचं पोट भरलं नाही. आईने दिला. मग मुलगा म्हणाला, माझा घ्या. मग सून. उरल्यासुरल्या पिठात लोळून मुंगसाचं अर्धं अंग सोन्याचं झालं.

कीर्तनात ही कथा सोन्यावर संपते. मूळ कथेत त्याआधी एक जागा आहे, आणि मला ती सोन्याहून मोलाची वाटते. मुलगा आपला वाटा पुढे करतो तेव्हा बाप तो पटकन उचलत नाही. तो अडतो. म्हणतो, तू हजार वर्षांचा झालास तरी मला लेकरूच. लेकरांची भूक बळकट असते, मी म्हातारा आहे, मला उपास सोसवतो. अतिथी दारात उभा, धर्म टांगणीला लागलेला, आणि तरीही हा बाप क्षणभर धर्मापेक्षा मुलाची भूक मोठी धरतो. पुढे मुलाच्या आग्रहाने तो वाटा घेतो, हे खरं. पण त्याचं ते अडणं नसतं, तर मुलाचं देणं नुसता एक हिसका झाला असता. मुलाच्या देण्याला मोठ्यांचं अडणं हे उत्तर आहे. दोन्ही मिळून ते घर घर होतं.

माझी आई अडली होती. हे मला कळायला पंचवीस वर्षं लागली. त्या वर्षी चतुर्थीला मुंबईहून आलेल्या शेजाऱ्याच्या पिशवीतून अक्कासाठी चपला आल्या होत्या, एक माप मोठ्या, वाढत्या पायाच्या. मला वाटे, बाबांना आपसूक सुचलं असेल. आई थकली, अंथरुणाला लागली, तेव्हा एकदा सहज बोलता बोलता पत्राचा विषय निघाला. मी सगळं सांगून टाकलं. आई हसली. म्हणाली, "माका वाचूक येणा नाय, पण पेन किती वेळ चलला ता दिसला नाय काय?" सांगितलं एवढं मोठं, पेन चाललं एवढुसं. तिने तेव्हा अक्काला एका शब्दाने विचारलं नाही. दोन दिवसांनी एसटीने मुंबईला निघालेल्या एका बाईजवळ तोंडी निरोप दिला, आणि बाबांनी काय उसनवार केली कोण जाणे, चपला आल्या.

आईने अक्काचं खोटं उघडं पाडलं असतं, तर अक्काचं देणं गेलं असतं. तिने ते तसंच राहू दिलं असतं, तर अक्काचे पाय गेले असते. तिने दोन्ही राखलं. या शहाणपणाचं नाव मला अजून सापडलेलं नाही. ज्या घरात पैसा कमी असतो तिथे हे रोज चाललेलं असतं. मूल लपवतं, आई ते ओळखते आणि ओळखल्याचं लपवते. पळीआडची अर्धी तुकडी हीच.

म्हणूनच 'समजूतदार' हा शब्द मी जपून वापरतो. पाहुणे येतात, म्हणतात, "किती समजूतदार आहे हो तुमची मुलगी, कधी काही मागत नाही." असं चारदा ऐकलं, की मागणं हा त्या मुलीच्या दृष्टीने गुन्हा होतो. कौतुकाचा दोर गळ्यात पडतो. आणि तो बहुतेक वेळा मुलीच्या पडतो, हे सांगायला मला संकोच वाटत नाही, मी त्याचा लाभ घेतलेला भाऊ आहे. मुलाने मागितलं तर तो बाळहट्ट, मुलीने सोडलं तर तो स्वभाव. स्वभाव ठरलं की उपकारही उरत नाही, अडायचंही कारण उरत नाही.

कठोपनिषदातला नचिकेताही लहानच होता. बाप यज्ञात गाई वाटतो आहे आणि त्या गाई म्हाताऱ्या, आटलेल्या आहेत, हे त्याला दिसतं. घरातल्या मोठ्यांनी जे झाकलेलं असतं ते मुलांना आधी दिसतं. आमच्या काळी पत्रं मुलंच वाचत, म्हणून घराचा जमाखर्च त्यांना पाठ असे. २०१५ साली कागदी मनीऑर्डर थांबली. आता पैसे फोनवर येतात. पण बँकेचा संदेश इंग्रजीत असतो, आणि जामसंड्याच्या बाजारात भाजीवालीपाशी उभं राहून तो वाचून दाखवणारं मूल तेच आहे. खात्यात किती उरले हे आईच्या आधी त्याला कळतं. मग शेजारच्या दुकानासमोरून जाताना ते मान दुसरीकडे वळवतं. अशी मान वळलेली दिसली की मी तिथे थोडा वेळ उभा राहतो. दुसरं काही सुचत नाही.

सगळीच नको सारखी नसतात. वहीचं नको घ्यावं, खाजं वाटून खावं, डागी आंब्याची गोडी लागू द्यावी. त्याने मूल मोठं होतं. पण एक नको कधीही खरं मानू नये. ते फार शांतपणे येतं, अगदी कंटाळा आल्यासारखं. मार्च १९८५ मध्ये अक्का दहावीच्या परीक्षेला बसली, जूनमध्ये पास झाली, आमच्या घरात तिथवर पोचलेली ती पहिली. गिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. संप मिटला असं कधी कोणी जाहीर केलं नाही, बाबांची नोकरी मात्र गेली. ते गावी परतले होते, दुसऱ्यांच्या बागांत राखणीला जात होते. पुढे शिकायचं म्हणजे रोजची एसटी, पुस्तकं, दोन बरे कपडे. मी सहावीतून सातवीत गेलो होतो आणि हुशार म्हणून माझं नाव झालं होतं. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता अक्का म्हणाली, "माका फुडे शिकाचा नाय. अभ्यासाचो कंटाळो येता."

अक्काला अभ्यासाचा कंटाळा! जी चिमणीच्या उजेडात शेजारणीची पत्रं लिहून झाल्यावर भूमितीचे सिद्धांत पाठ करायची. बाबा गप्प बसले. आजी म्हणाली, बरं झालं, घरात हाताखाली होईल. आणि आईने तव्यावरची भाकरी उलटली. आई या वेळी अडली नाही. तिला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. ज्या बाईला पेनाची चाल कळत होती तिला आवाजाची चाल कळली नसेल? पण चपलांसाठी एका बाईजवळ निरोप देता येतो. पाच वर्षांच्या शिक्षणासाठी कोणाजवळ निरोप द्यायचा, हे तिला माहीत नव्हतं. मी तिला दोष देत नाही. अडायचीही ऐपत लागते. पण त्या खोलीत मीही होतो, बारा वर्षांचा, आणि मला कळलं होतं. मी १९८२ मध्ये गप्प राहिलो ते अक्काच्या नजरेमुळे. १९८५ मध्ये मी गप्प राहिलो ते माझ्या पुस्तकांमुळे.

त्या पुस्तकांवर मी इथवर आलो. मौनाने दिलेलं घेणाऱ्याला कळत नाही असं मी वर लिहिलं. मला कळलं होतं आणि मी घेतलं.

मागच्या मे महिन्यात घरी गेलो होतो. अक्का आता आजी झाली आहे. ओटी तीच, खांब बदलला. तिची नात फोनवर काहीतरी बघत बसली होती, आणि अक्का पेटीतून सुटलेले डागी आंबे विळीवर साफ करत होती. चांगली बाजू नातीच्या ताटलीत, देठाकडची स्वतःच्या. मी पत्राचं काढलं. न लिहिलेल्या ओळीचं, आईने सांगितलेलं सगळं. अक्का ऐकत होती. म्हणाली, "तुझा आपला कायतरी. माका यातला काय एक आठवणा नाय." आणि आंबा चिरत राहिली.

मग थोड्या वेळाने, मी काही न विचारता म्हणाली, "पट्टे निळे होते त्यांचे."